आबांची झाडं, म्हसोबाचा माळ

५ फेब्रुवारी
जनावरांच्या दवाखान्यात सकाळपासून रांग. एक अडलेली म्हैस, दोन गाभण गायींची तपासणी, मग काशीराम ठेलारी खांद्यावर मेंढी टाकून आला. मागची मांडी उसवलेली. टाके घालताना मधेच थांबले, कारण दातांच्या खुणा कुत्र्याच्या वाटेनात. फार रुंद.
"कुत्रा का?"
"कुत्रा नै ताई. लांडगा शे. म्हसोबाना माळवर. मी सोता दखा."
त्याचं कोकरूही गेलंय म्हणे, मागच्या आठवड्यात. चिडलेला होता, पण मेंढीचं डोकं मांडीवर धरून बसला तो शेवटचा टाका होईपर्यंत हलला नाही.
म्हसोबाचा माळ म्हणजे आमच्याच गावचा. माझं माहेर. अठरा वर्षं तिथे वाढले आणि लांडगा फक्त चित्रात पाहिला.
संध्याकाळी धुळ्याला घरी आल्यावर शिरीषला सांगितलं. बँकेतून थकून आलेला. "बरं," म्हणाला. आणि बातम्या लावल्या.

८ फेब्रुवारी, रविवार
गावी. वडिलांकडे. आबा ओट्यावर नकाशा पसरून बसलेले. इतके खूश की मी आल्याचं आधी कळलंच नाही. पुण्याच्या एका कंपनीने माळावर झाडं लावायचं मान्य केलंय. अख्खा माळ. आधी पोकलेनने चर खणायचे, खड्डे घ्यायचे, जूनमध्ये रोपं. गावाची समिती झाली, आबा अध्यक्ष. विनोद सचिव. विनोद म्हणजे आबांचा जुना विद्यार्थी, गावातच रोपवाटिका चालवतो. गेल्या वर्षी आबांना छातीत कळ आली तेव्हा जळगावला गाडी त्यानेच नेली. मी पोचायच्या आधी तो तिथे होता. हे विसरत नाही मी.
आबा म्हणाले, "वैशू, मुलांना आयुष्यभर सांगितलं झाडं लावा. आता सावलीत बसून मरायला मिळेल."
"असं काय बोलता."
"अगं आनंदात बोलतोय."
निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना असं पाहिलं. आई गेल्यानंतर तर… असो. विनोदने चहा केला. कळण्याची भाकरी, ठेचा, दही. लांडग्याचं बोलायचं राहून गेलं. की मुद्दाम राहू दिलं?

१४ फेब्रुवारी
दिसला.
दवाखाना आटोपून माळाच्या कडेने स्कूटर नेली. मुद्दामच. ऊन उतरत होतं. गवत वाळून पिवळं. आधी काहीच नाही, टिटवी ओरडत होती एवढंच. मग गवतच उठून उभं राहिल्यासारखं झालं. त्याच रंगाचा. उंच पायांचा, अंगाने बारीक, कुत्र्यासारखा अजिबात नाही. माझ्याकडे पाहिलं. घाई नाही, राग नाही. मग नाल्याकडे चालत गेला.
मी स्कूटर बंद करायची विसरले होते. केव्हाची घरघरत होती.
घरी आल्यावर भांडी घासली, दोनदा घासली. बसवेना.

२२ फेब्रुवारी, रविवार
रफिकभाईंना घेऊन गेले. धुळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ, आमच्या लग्नाचे फोटो त्यांच्या वडिलांनी काढलेले. लग्नसराईत लग्नं, एरवी पक्षी. लांबची लेन्स आहे. नाल्याच्या अलीकडे बोरीच्या झुडपाआड दोघं पालथे पडून राहिलो. अंगावर कुसळं. मी सरकारी अधिकारी, वय एक्केचाळीस!
नाल्याच्या काठाला बीळ. लांडगी बाहेर आली, अंग झाडलं. आणि मग तिच्या मागून पिल्लं. काळपट, मोठ्या डोक्याची, एकमेकांवर पडणारी. एक आईची शेपूट ओढत होतं. रफिकभाईंनी श्वास रोखला तो मला ऐकू आला.
परत येताना लेन्सवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, पंधरा साल से कॅमेरा धरतोय. असा फोटो परत मिळणार नाही मला."
"कुणाला दाखवू नका."
"मालूम आहे. म्हणूनच तर त्रास होतोय."
बीळ बरोबर तिथे, जिथे आबांच्या नकाशावर पहिला चर आहे.

१ मार्च, रविवार
सांगितलं आबांना.
आधी हसले. मग म्हणाले, "लांडगा चार पायांचा प्राणी आहे. जाईल दुसरीकडे."
"दुसरीकडे कुठे आबा? इकडे कापूस, तिकडे हायवे. हा एवढाच माळ उरलाय."
"माळ म्हणजे काय गं? ओसाड जागा. गवत. तिथे झाडं आली तर पाणी मुरेल, पाखरं येतील."
"पाखरं आत्ताही आहेत. चंडोल आहे, धाविक आहे. ती झाडावर बसत नाहीत, जमिनीवर अंडी घालतात. झाडं आली की ती जातील. लांडगाही जाईल. त्यांचं घरच गवत आहे."
"म्हणजे झाडं लावणं वाईट?"
"इथे वाईट."
हे मी म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. शाळेभोवतीचे सगळे कडुनिंब त्यांनी लावलेले. आम्हा मुलांना प्रत्येकी एक झाड वाटून दिलं होतं, माझं करंजाचं.
"तू जनावरांची डॉक्टर झालीस ती मेंढ्यांसाठी की लांडग्यांसाठी?" आबा.
मी पिशवी उचलली. जेवण न करता निघाले. पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर थांबून शेव-मुरमुरे घेतले आणि तसेच डिकीत राहिले.

४ मार्च
धुळवड. शि. म्हणतो, "तू बरोबर असशील. पण तो म्हातारा माणूस आहे, त्याला एवढंच मिळालंय."
माहीत आहे ना मला. म्हणून तर झोप…

९ मार्च
वन कार्यालय. साहेब भले माणूस. रफिकभाईंनी त्यांच्यापुरते दिलेले फोटो बघून खुर्चीतून उठले. पण म्हणाले, "मॅडम, लांडगा आमचा, जमीन आमची नाही. गायरान आहे. गावाने ठरवलं तर आम्ही विनंती करू शकतो. कुणी लांडग्याला हात लावला तर मात्र गुन्हा, तिथे मी आहे." माणूस पाठवून पाहणी करतो म्हणाले.
बाहेर आल्यावर पायरीवर उभी राहिले. कुणाला फोन करायचा तेच कळेना. माझ्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, गवळ्यांचे, सरपंचांचे, औषधवाल्यांचे.

१५ मार्च, रविवार
चूक की बरोबर, आज कळत नाही.
रफिकभाईंची परवानगी काढली आणि आबांना फोटो दाखवला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून किती तरी वेळ पाहत राहिले. आई आडवी, पिल्लं दूध पिताहेत, मागे पिवळं गवत. आबांनी बोटाने मोठा करून पाहिला. पिल्लाचे डोळे.
"निळे आहेत की."
"लहानपणी निळेच असतात. मग पिवळे होतात."
मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "मला पाठव."
"कुणाला देणार नाही ना?"
"वेडी आहेस का."
पाठवला. विनोद आला तेव्हा मी निघाले होते. रोपांची यादी घेऊन आला होता, नेहमीसारखा वाकून "ताई, जेवण झालं का?" म्हणाला.

१८ मार्च
गेला. फोटो सगळीकडे.
आबांनी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या माळावरचे पाहुणे." कौतुकाने टाकला! त्यांना वाटलं मास्तर मंडळी आहेत. मास्तर मंडळींनी मुलांना पाठवला, मुलांनी गावाला. दुपारी दवाखान्यातला शिपाईच मला दाखवत होता, "मॅडम, हा तुमच्या गावचा ना?"
आबांना फोन केला. ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, त्यांनाही बघू दे." आणि फोन ठेवला.
रफिकभाईंना तोंड कसं दाखवू.

१९ मार्च
अर्धी रजा टाकून माळावर. मोटारसायकली. पोरं बिळापाशी उभी, एकाने आत काठी घातलेली. एक जण सेल्फी. मी गेले, ओरडले, ओळखपत्र दाखवलं. त्यांना हसू येत होतं. विनोद तिथेच होता, पोरांना हाकलत. "ताई, मी बघतो यांना. तुम्ही जा." खरंच हाकललं त्याने.
लांडगी दिसली नाही. दूरच्या चढावर एक ठिपका उभा होता, तो नर असावा. मी निघाले तरी तो तिथेच.

२४ मार्च
बीळ रिकामं. वनरक्षकाबरोबर जाऊन पाहिलं. आत वास तेवढा. मातीवर पावलं. कुठे गेली? लांडगी पिल्लांना तोंडात धरून हलवते. पण एवढी मोठी झालेली पिल्लं? चालत नेली असतील. दिवसा? रस्ता ओलांडून?
रस्त्याच्या कडेपर्यंत पावलं शोधत गेले.
गव्हाची मळणी चाललीय सगळीकडे. हवेत तूस. डोळे चुरचुरतात.

२९ मार्च, रविवार
रफिकभाई न बोलावता स्वतःच जाऊन आले. फोन: "मॅडम, मिल गये. वरच्या अंगाला, म्हसोबाच्या दगडांपलीकडे. सगळी आहेत. फोटो काढला नाही."
"का?"
"नको वाटलं."
मी रडले. शि. घाबरला, पाणी आणलं.
फोटो पसरल्याबद्दल रफिकभाई एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२ एप्रिल
पोकलेन आलं. पिवळं धूड, माळाच्या कडेला उभं केलंय. नारळ फुटला. आबांचा फोन नाही. मला कळलं ते काकूकडून, आबांच्या शेजारीच राहते ती.

५ एप्रिल, रविवार
ग्रामसभा. मी गावची मतदार नाही, पण सरपंच म्हणाले, "डॉक्टरीनबाई शेतस, बोलू द्या." शाळेच्या त्याच व्हरांड्यात, जिथे मी वक्तृत्व स्पर्धेत भाषणं केली आणि पुढच्या रांगेत आबा बसायचे. आजही पुढच्या रांगेत.
नीट बोलले नाही. काय बोलले तेही धड आठवत नाही. हा लांडगा आपल्या देशातला, इथल्या माळांवरचा, जंगलात नाही राहत, माळ गेला की तो संपतो, असं काही. कुणीतरी मागून म्हणालं, "मग तुमना घर लई जा ना ताई." हशा.
मग काशीराम उठला. मला वाटलं, झालं, आता हा लांडग्याच्या जिवावर उठणार.
"झाडं नको आम्हले," काशीराम म्हणाला. "बठ्ठा माळवर झाडं लावशात त मन्या मेंढ्या कोठे चारू? पावसाळामा आम्ही कोठे जावो? हाई गवत आम्हनं शे, आम्हना बापना बापनं."
"म्हणजे तू ताईच्या बाजूने?" सरपंच.
"नै. लांडगाबी नको. तो मनं कोकरू लई गया."
पुन्हा हशा. मी मात्र काशीरामकडे बघत राहिले. या गावात माळ जसा आहे तसा हवा असलेली माणसं दोनच, मी आणि लांडग्याचा वैरी.
विनोद बोलला, शांतपणे. कंपनीला भानगड नकोय. लांडग्याची तक्रार वर गेली तर ते दुसऱ्या गावाला जातील. पारोळ्याच्या पलीकडे गावं तयारच आहेत.
सगळे आबांकडे बघू लागले. आबा उभे राहिले, खोडाला धरावं तसं खुर्चीला धरून. म्हणाले, "खालच्या अंगाने सुरुवात करा. वरच्या अंगाला, म्हसोबाकडे, पावसाळ्यापर्यंत मशीन जाणार नाही. मग बघू."
माझ्याकडे पाहिलं नाही. अर्धा माळ वाचला म्हणायचं की अर्धा गेला?
निघताना काशीराम जवळ आला, "ताई, तू झाडं थांबाव. लांडगानं मी दखस."
"काय बघणार आहेस?"
काठी खांद्यावर टाकून तो निघून गेला.

८ एप्रिल
पोकलेन चालतंय. दवाखान्यापर्यंत आवाज येतो की मला भास होतो, कळत नाही. खालच्या अंगाला चर पडलेत, लाल माती वर. आबा टोपी घालून उभे असतात म्हणे. उन्हात. त्यांची गोळी घेतात की नाही?
काशीरामचं वाक्य डोक्यातून जात नाही.

१३ एप्रिल
लिहायचं नाही असं वाटत होतं. पण लिहिते.
सकाळी साहेबांचा फोन. शवविच्छेदन करायचंय, तुमच्याच हद्दीत. लांडगा मेलाय. मादी.
म्हसोबाच्या दगडांपाशी पडलेली. तोंडाला फेस वाळलेला. थोड्या अंतरावर मेलेली शेळी, अर्धी खाल्लेली, तिच्यात औषध घातलेलं. घारही मेलेली. आणि काशीरामचा कुत्रा, तो मोठा पांढरा, ज्याला मी गेल्या वर्षी रेबीजची लस दिली होती.
तंबूच्या कापडाच्या सावलीत टेबल मांडलं. हातमोजे. अशी किती जनावरं उघडलीत मी. हिच्या आचळांत अजून थोडं दूध होतं, आटत आलेलं. ते पाहिल्यावर सुरी खाली ठेवून दोन पावलं बाजूला गेले. वनरक्षक तरुण मुलगी आहे, तिने पाण्याची बाटली पुढे केली.
नमुने बंद केले, सही केली. लाकडं रचून जाळलं. वास अजून केसांत.
पिल्लं कुठे आहेत माहीत नाही. आता मोठी आहेत तशी, मांस खातात. नर जगला असेल तर आणून देईल. जगला असेल तर.

१४ एप्रिल
काशीरामच्या तळावर गेले. रागाने गेले. त्याची बायको गोमाबाई कुत्र्याला पुरलेल्या मातीपाशी बसलेली, डोक्यावर पदर, एका लयीत रडत होती. माणूस गेल्यावर रडतात तसं.
काशीराम म्हणाला, "तुले वाटस मी करं."
मी मातीच्या ढिगाकडे बघितलं.
"मी काठी मारसू. दगड मारसू. इख नै. इख आंधळं रास. दख, मना मोती मरी गया."
गोमाबाई वर न बघता म्हणाली, "लोकेसले कोन सांगस, ताई. आम्हले कोनी इचारतंच नै, सरळ चोर म्हनतस."
मी तिथेच मातीवर बसले. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, बकरीच्या दुधाचा. पिववेना पण प्यायले.
मग कोण?

१६ एप्रिल
पोकलेन बंद. वनवाल्यांनी चौकशीपर्यंत थांबवलंय. कंपनीचा माणूस पुण्याहून फोन करतोय म्हणे. गावात काकूला कुणी पाणी भरताना म्हणालं, "मास्तरच्या लेकीनं गावाचं वाटोळं केलं."
शि. म्हणाला, बदलीचा अर्ज कर. मस्करीत म्हणाला असावा.

१९ एप्रिल, रविवार
आखाजी, अक्षय्य तृतीया. लेक माहेरी गेलीच पाहिजे. गेले.
गल्लीत झोके बांधलेले, मुली गौराईची गाणी म्हणत होत्या. काकूने खापरावरचे मांडे केलेले, आमरस. आबा ताटावर बसले आणि एक घासही घेतला नाही.
काकू गल्लीत मांडे द्यायला गेल्यावर म्हणाले, "विनोदने केलं."
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
"काल आला होता. पाया पडला आणि रडायला लागला. म्हणाला, आबा, कंपनी निघाली होती, लांडगा नसता तर कुणी हरकत घेतली नसती. तुमच्या झाडांसाठी केलं." आबांनी ताट बाजूला सारलं. "माझ्या झाडांसाठी, वैशू."
बाहेर मुली हसत होत्या, झोका करकरत होता.
"तुम्ही काय म्हणालात त्याला?"
"काहीच नाही. पाठीवर हात ठेवला. सवयीने ठेवला, गं." आणि मग माझे आबा, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नाही, आईच्या वेळीसुद्धा नाही…
मी त्यांचं ताट उचललं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो.
"सांगायचं ना?" मी विचारलं.
"त्याचा मुलगा लहान आहे. तुरुंग होईल?"
"होऊ शकतो."
"दवाखान्यात रात्रभर माझ्या पायाशी बसला होता तो."
"माहीत आहे आबा."
काकू आली, विषय थांबला.

२१ एप्रिल
विनोद दवाखान्यात आला. सगळी माणसं गेल्यावर. दारातच उभा, चप्पल बाहेर काढून.
"आबांनी सांगितलं असेल तुम्हाला."
"हो."
"मी शेळी ठेवली ती फक्त लांडग्यासाठी. कुत्र्याचं माझ्या मनात नव्हतं."
"आणि पिल्लांचं?"
त्याने रुमालाने कपाळ पुसलं. नंतर म्हणाला, "ताई, मी पंधरा हजार रोपं वाढवलीत. प्रत्येक पिशवीला हात लागलाय माझा. आता ती कुठे लावू?"
मला त्याची कीव आली आणि तितकाच राग. दोन्ही एकदम. "तू स्वतः जाऊन सांग," म्हणाले.
"आबा सांगतील का?"
"मला माहीत नाही."
"तुम्ही सांगाल?"
"आबा नाही गेले तर मी जाईन."
मान हलवून गेला. चपला घालायला विसरला, अर्ध्या वाटेतून परत आला.

२२ एप्रिल
आबांना सांगितलं, मी विनोदला काय म्हणाले ते. ते म्हणाले, "तू मला धाक दाखवतेस?"
"नाही. तुम्हाला आधी सांगतेय."
"बरं."
एवढंच, बरं. हा शब्द पोखरतोय मला. दवाखान्यात एका गाईला चुकीच्या शिरेत इंजेक्शन देता देता वाचले.

२६ एप्रिल, रविवार
रफिकभाई आणि मी माळावर. उन्हात उभं राहवत नाही. म्हसोबाचे दगड तापलेले. दोन तास काहीच नाही. मी जायला उठले.
"बैठिए," रफिकभाई कुजबुजले.
नर. तोंडात काहीतरी, ससा असावा. वरच्या चढाला थांबला, मागे पाहिलं. आणि गवतातून पिल्लं बाहेर. आता उंच, लांब कानांची, बेढब पायांची. मोजली मी. सगळी नाहीत. पण आहेत.
रफिकभाईंनी या वेळी कॅमेरा उचलला. दोन-तीनदा क्लिक केलं आणि मेमरी कार्ड काढून खिशात ठेवलं. "ये मेरे वास्ते," म्हणाले.
उतरताना खालच्या अंगाच्या चरांवरून जावं लागलं. लाल, कोरडे, सरळ रेषेत. एका चराच्या काठावर आबा उभे होते. एकटे. सुती टोपी, हातात काठी. मी हाक मारली नाही. ते म्हसोबाच्या दिशेने बघत होते. पाहिलं असेल का त्यांनीही? नजर अजून चांगली आहे त्यांची, वळणावरची एस.टी. अजून त्यांनाच आधी दिसते.
रफिकभाई म्हणाले, "बुलाओ ना मॅडम."
नाही बोलावलं.

२८ एप्रिल
हे वन कार्यालयाच्या बाहेर बसून लिहितेय. निंबाखाली बाक आहे. वही नव्हती, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहितेय, घरी गेल्यावर उतरवीन.
सकाळी आबांचा फोन, "पारोळ्याला ये." कारण नाही सांगितलं. आले तर ते एस.टी.ने येऊन बसलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, धोतर. विनोदही. दोघं एकाच बाकावर, मधे हातभर जागा. विनोदने दाढी केलेली नाही. मला पाहून उठला आणि पुन्हा बसला.
मी आबांना विचारलं, "काय ठरलं?"
"काही ठरलं नाही. तो म्हणाला, आबा, तुम्ही सोबत या. म्हणून आलो."
"तो सांगणार आहे?"
"आत गेल्यावर कळेल. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, एवढं त्याला बसमध्ये सांगितलंय."
विनोदने हे ऐकलं. खाली बघून बोटं मोडत राहिला.
मी येऊ का आत, विचारलं. आबा म्हणाले, "नको. तू लांडग्याच्या बाजूची. तिथे आम्ही दोघंच हवेत."
शिपाई आला. नाव पुकारलं. विनोद जागचा हलेना. आबांनी वाट पाहिली, मग काठी टेकून उठले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. फळ्यापाशी न्यायचे तसं. दोघं आत गेले. दार लावून घेतलं.
बराच वेळ झाला. आतून टाइप केल्याचा आवाज येत होता, आता तोही थांबलाय. कुणीतरी मोठ्याने काही म्हणालं, आबांचा आवाज नव्हे. मी उठून दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा उठले. शिपाई म्हणतो, "बसा मॅडम, चालू शे आजून."